न दुखावल्याचा दाखला

माणसाच्या अंगात हाडं किती असतात ते मोजता येतं. भावना किती असतात ते अजून कुणाला मोजता आलेलं नाही. हाड मोडलं तर कुठे मोडलं ते दाखवता येतं. भावना दुखावली तर नुसतं दुखावली म्हणून सांगता येतं. म्हणूनच सुसंस्कृत समाजात हाडांसाठी दवाखाना असतो आणि भावनांसाठी कार्यालय. (दवाखान्यात आधी तपासतात, मग बरं करतात. कार्यालयात तपासणं हाच अपमान समजला जातो, आणि बरं करण्याची तरतूद नाही.)

थेंबवाल्या डॉक्टरांच्या मुलीने हे कार्यालय आतून पाहिलं ते वडील गेल्यानंतर बाविसाव्या दिवशी. बाहेरून ते तिने अनेकदा पाहिलं होतं: तीन मजले, फिकट पिवळा रंग, खिडक्यांना जाळ्या. आत शिरल्यावर मात्र तिला मानावं लागलं, की इतकी नेटकी इमारत शहरात दुसरी नसेल. जिन्यात 'कृपया हसू नये' अशी पाटी होती. ही पाटी वाचून मागे एक जण हसला होता. त्याची फाइल दुसऱ्या मजल्यावर आहे.

ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. समोर आलेलं सगळं वाचायचं ही तिची धंद्याची खोड. बाकावर बसल्याबसल्या तिने भिंतीवरचे सगळे फलक वाचून काढले. दुखावणीचे प्रकार तीन: सौम्य, म्हणजे दुखावलेल्या माणसाला रात्री झोप लागते, मध्यम, म्हणजे उशिरा लागते, आणि तीव्र, म्हणजे तो दुसऱ्यांना झोपू देत नाही. गेल्या वर्षी एकूण चार हजार एकशे बारा तक्रारी आल्या. त्यातल्या मजकूर वाचून केलेल्या तक्रारी तीन. त्या तिन्ही फेटाळण्यात आल्या.

हे वरवर पाहता विचित्र वाटेल, पण त्यामागचा विचार खोल आहे. जो माणूस आपण होऊन एखादा मजकूर वाचतो, त्याने दुखावून घेण्यास संमती दिली असं कायदा मानतो. त्यामुळे प्रत्येक तक्रारीसोबत 'सदर मजकूर मी वाचलेला नाही व वाचणार नाही' असं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. कर्मचाऱ्यांनाही भावना असतात, हे ध्यानात घेऊन तेही वाचत नाहीत. मजकूर बंद लिफाफ्यात फिरतो आणि लिफाफ्याच्या जाडीवरून गुन्ह्याचं गांभीर्य ठरतं. जगात इतकी निःपक्षपाती व्यवस्था दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही. इथे न्याय मागणारा, तपासणारा आणि देणारा, तिघांपैकी कुणालाच भांडण कशाचं आहे ते ठाऊक नसतं.

थेंबवाल्या डॉक्टरांचा लिफाफा अगदी पातळ होता. आत एकच वाक्य होतं.

त्या वाक्याची हकिकत सांगायची तर रक्तपेढीपासून सुरुवात करावी लागते. शहरात दोन प्रकारचे लोक राहतात. प्रार्थना करताना वर पाहणारे, आणि प्रार्थना करताना खाली पाहणारे. (समोर पाहणारेही आहेत, पण अर्जात त्यांच्यासाठी रकाना नसल्याने ते मोजणीत येत नाहीत.) रक्तपेढीत पूर्वी दोन फ्रिज असायचे, एक वर पाहणाऱ्यांच्या रक्ताचा आणि एक खाली पाहणाऱ्यांच्या. एक फ्रिज गच्च भरलेला आणि दुसरा रिकामा, असं बहुतेक वेळा असायचं. मग रिकाम्या फ्रिजवाला रोगी नियमाप्रमाणे मरायचा आणि भरलेल्या फ्रिजमधल्या बाटल्या मुदत संपून नियमाप्रमाणे ओतून दिल्या जायच्या. दोन्हीकडची श्रद्धा अबाधित राहायची.

थेंबवाल्या डॉक्टरांनी दोन कामं केली. पहिलं म्हणजे, बाटलीतलं रक्त दुप्पट दिवस टिकेल असं द्रावण त्यांनी नऊ वर्षं खपून तयार केलं. त्यासाठी त्यांना पदक मिळालं, आणि परदेशातले लोक येऊन त्यांच्या प्रयोगशाळेचे फोटो काढून गेले. दुसऱ्या कामाचा बोभाटा झाला नाही. एका सकाळी त्यांनी दुसरा फ्रिज दुरुस्तीला दिला आणि अकरा वर्षं परत आणलाच नाही. कुणी विचारलं तर ते म्हणायचे, "सुटा भाग मिळत नाहीये." ज्यांना विचारावंसं वाटलं असतं ते आडवे असायचे, आणि उभे झाल्यावर त्यांना विचारावंसं वाटत नसे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी या अकरा वर्षांवर एक लेख लिहिला. त्यात तक्ते होते. कुणाचं रक्त कुणाला गेलं. किती जण वाचले. आणि रक्त चढवल्यानंतर किती जणांची प्रार्थनेच्या वेळी मान उलट दिशेला वळली (एकाचीही नाही). लेखाच्या शेवटी ते वाक्य होतं:

'चाळीस हजार थेंब तपासले. गट चार सापडले, देव सापडला नाही. सापडला असता तर त्याचाही गट लिहून ठेवला असता.'

लेखाचं मुद्रित मुलीनेच तपासलं होतं. पेन्सिल त्या वाक्यावर धरून तिने विचारलं होतं, "बाबा, हे ठेवायचं?"

"का? चूक आहे का?"

"चूक नाही. पण लोकांना आवडणार नाही."

"मग तक्तेही काढ. तेही कुठे आवडणार आहेत?"

तिने पेन्सिल उचलली आणि वाक्य राहिलं.

लेख छापून आला आणि शहराने तो हातोहात वाचला. आठवड्याभरात तक्रार दाखल झाली. वर पाहणाऱ्यांचं म्हणणं होतं, की देव वर असतो, त्याला रक्तात शोधणं हा त्याचा अपमान आहे. खाली पाहणाऱ्यांचं म्हणणं होतं, की देव थेंबाथेंबात असतो, तो न सापडणं हा त्याचा अपमान आहे. या दोन समाजांनी एका कागदावर सह्या केल्या, असं शहराच्या इतिहासात प्रथमच घडलं. (पुढे डॉक्टरांच्या मानपत्रात 'सामाजिक ऐक्यासाठी दिलेलं योगदान' असा उल्लेख झाला, तो यावरूनच.) संयुक्त तक्रार समितीचे अध्यक्ष म्हणून कुलपांच्या दुकानाचे मालक निवडले गेले. आपण लेख वाचलेला नाही, असं सर्व दोनशे अठरा सभासदांनी शपथेवर लिहून दिलं.

लेखात 'माझ्या वहीवरून' असे शब्द होते. त्यामुळे वही हा गुन्ह्याचा उगम ठरला आणि कार्यालयाची दोन माणसं ती जप्त करायला घरी आली. अतिशय सभ्य माणसं होती. चपला बाहेर काढल्या, पाणी घेतलं, वही उघडी होती म्हणून तोंड फिरवून ती मिटली आणि लाखेची मोहोर केली. पावती दिली: 'वही, निळी, एक. आतील मजकूर: पाहिला नाही.'

डॉक्टरांना त्याच सकाळी इस्पितळात हलवलं होतं, वही घरी राहिली होती. त्यांच्याच रक्तातल्या पेशी रोज कमी होत चालल्या होत्या आणि रोजचा आकडा ते त्या वहीत लिहीत आले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "वही कुठंय गं? कालचा आकडा राहिला."

"उद्या आणते," ती म्हणाली.

असं ती नऊ दिवस म्हणाली. दहाव्या दिवशी म्हणावं लागलं नाही.

कार्यालयाचं पत्र आलं त्यात शोक व्यक्त केलेला होता. पुढे कळवलेलं होतं, की मृत्यू ही नियमानुसार गैरहजेरी धरली जाते आणि गैरहजेरीत तक्रार पुढे चालते. शिवाय नव्या रक्तकेंद्राला थेंबवाल्या डॉक्टरांचं नाव द्यावं, असं शहराने एकमताने ठरवलं आहे. त्यासाठी या कार्यालयाचा ना-हरकत दाखला लागतो. आणि दाखल्यासाठी फाइल बंद व्हावी लागते. तरी वारसाने तिसऱ्या खिडकीशी संपर्क साधावा.

तिसऱ्या खिडकीतल्या बाई मनाने चांगल्या होत्या. त्यांनी आधी खुर्ची दिली, मग छापील कागद पुढे केला.

"सोपं आहे, ताई. इथे नाव, इथे सही. 'माझ्या वडिलांच्या वतीने मी बिनशर्त माफी मागते.' बाकी सगळं छापलेलंच आहे."

"त्यांना माफी मागायची नव्हती."

"आता त्यांना विचारता येत नाही ना. म्हणून तुम्हाला विचारतोय." बाईंनी आवाज खाली आणला. "घर वारसानं येतं ना? तसंच हेही येतं."

"सही केली तर वही मिळेल?"

"त्याच दिवशी. फक्त ते पान काढून."

"कुठलं पान?"

"ते आम्हाला कसं कळणार? आम्ही वाचत नाही. म्हणून अंदाजानं शेवटची चाळीस पानं काढतात."

शेवटची चाळीस पानं म्हणजे इस्पितळाच्या आधीचे सगळे आकडे. मुलीने कागद घडी न घालता परत केला आणि नियमपुस्तिका मागितली. बाई गोंधळल्या. माफीचे अर्ज लोक मागत, तक्रारीचे तर मागतच. नियमपुस्तिका आजवर कुणी मागितली नव्हती. ती साहेबांच्या पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून ठेवलेली सापडली. मुलीने बाकावर बसून ती पहिल्या पानापासून वाचली. पावणेदोन तासांनी ती पुन्हा खिडकीशी आली आणि तिने नियम एकोणीस दाखवला. 'सदर मजकूर वाचून आपल्या भावना दुखावल्या नाहीत, असं एका जरी नागरिकाने स्वतःच्या नावानिशी लेखी दिल्यास फाइल बंद करावी व जप्त वस्तू अखंड परत करावी.'

बाईंनी वाचलं. साहेबांनी वाचलं. साहेब म्हणाले, "असा नियम आहे का आपल्याकडे?"

नियम होता. अर्जसुद्धा होता. अकरा वर्षांपूर्वी पाचशे प्रती छापलेल्या होत्या आणि चारशे नव्व्याण्णव जशाच्या तशा शिल्लक होत्या. (एक साहेबांच्या टेबलाच्या आखूड पायाखाली होती.) अर्ज एका पानाचा. नाव, वय, पत्ता, आणि खाली एक ओळ: 'वरील मजकूर मी वाचला. मला काही झालं नाही.'

एकच सही हवी होती. जिन्यातून उतरताना, वडील गेल्यापासून पहिल्यांदाच, ती जवळपास हसली. पाटी आठवून थांबली.

पहिली ती आत्याकडे गेली. आत्या, म्हणजे डॉक्टरांची थोरली बहीण, साठ वर्षं दिवसातून तीनदा वर पाहून प्रार्थना करत आली आहे. त्यापायी तिची मान कायमची आखडली आहे. भावाच्या लेखातलं वाक्य तिने भिंगातून वाचलं आणि फिस्सकन हसली.

"याला देव सापडला नाही? याला घरात स्वतःचा चष्मा सापडायचा नाही! कपाळावर असायचा आणि मी शोधून द्यायची."

"आत्या, तुला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना. मला न विचारता लिहिलं याचं. अगं, माझा देव काय काचेचा आहे? इतक्या रोगराया बघितल्यात त्यानं. एका वाक्यानं तडा जाईल तर मी साठ वर्षं कुणापुढे मान मोडली? आण तो कागद."

तिने ठसठशीत सही केली. कार्यालयाने अर्ज परत पाठवला. घरच्यांच्या भावना दुखावणं वा न दुखावणं हा घरगुती मामला असल्याने तो विचारात घेता येत नाही, असा शेरा होता. नागरिक नात्याबाहेरचा हवा.

मग ती नात्याबाहेर गेली. वडिलांसारखीच तिने कागदावर उभ्या रेघा मारल्या आणि रोज घरी येऊन नोंद केली. ती नोंद संक्षेपाने अशी:

शेजारचे पदार्थविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. वाक्य त्यांना पाठ होतं. शिकवणीच्या पोरांना ते ऐकवत आणि पोरं बाकं वाजवत. सही करायला त्यांनी पेनाचं टोपणही काढलं. मग आठवलं, की सुनेचे आईवडील खाली पाहणारे आहेत. टोपण परत लावलं.

औषधांचे दुकानदार. हसून हसून खोकला लागला, स्वतःच्याच दुकानातली गोळी चघळावी लागली. "मला काय होतंय? पण दुकान रस्त्यावर आहे हो, ताई. काच पुढून आहे."

लेख छापणारे संपादक. "आम्ही छापलं याचा अर्थ आम्ही वाचलं असा होत नाही."

विवेक मंडळ. यांनी तिचं उभं राहून स्वागत केलं. 'टीका करण्याचं स्वातंत्र्य हा प्रगतीचा प्राण आहे' असा ठराव टाळ्यांच्या गजरात संमत केला. सहीचा विषय निघाल्यावर सचिवांनी समजावून सांगितलं, की ठराव संस्थेचा असतो आणि सही माणसाची असते; या दोहोंत गल्लत होऊ नये. गल्लत होऊ नये म्हणून सात जणांची उपसमिती नेमली.

आणि एक बाई, जिचा मुलगा त्याच अकरा वर्षांत वाचला. तिने मुलीचे दोन्ही हात हातात धरले, रडली, म्हणाली, "तुझ्या बाबांसाठी जीव देईन गं." सही मात्र नवऱ्याला विचारून सांगते म्हणाली.

एकूण भेटी: त्रेसष्ट. दुखावलेले: शून्य. तसं लिहून द्यायला तयार: शून्य. विज्ञानात असा स्वच्छ निष्कर्ष क्वचित हाती लागतो, हे तिला वडिलांमुळे ठाऊक होतं.

चौसष्टावी भेट कुलूपवाल्यांची. तक्रारदार समितीच्या अध्यक्षांकडे जाण्याइतका वेडेपणा तिने केला नसता. पण यादी संपली होती. दुकानात भिंतभर कुलपं टांगलेली होती. मालकांनी तिला ओळखलं, स्टूल पुसून दिलं.

"बस, पोरी. तुझ्या बापानं सात बाटल्या चढवल्यात माझ्यात. गाडीखाली आलो होतो. आज चार जिने चढतो, दम लागत नाही."

"कुणाच्या होत्या बाटल्या?"

"ते मी कधी विचारलं नाही." त्यांनी एक कुलूप सरळ टांगलं. "आणि त्यानं सांगितलंही नाही. भला माणूस."

"काका, एक विचारू? ते वाक्य वाचून तुम्हाला खरंच दुखलं?"

कुलूपवाल्यांनी दाराकडे पाहिलं. गिऱ्हाईक नव्हतं. "खरं सांगू? मला मजा वाटली. देवाचा गट लिहून ठेवला असता म्हणे! घरी बायकोला वाचून दाखवलं."

तिने पिशवीतून अर्ज काढला आणि गल्ल्यावर ठेवला.

"मग एवढंच लिहून द्या."

"अगं, मी अध्यक्ष आहे!"

"म्हणूनच."

"मला दुखलं नाही असं मी लिहिलं, तर बाकीचे दोनशे सतरा दुखावतील."

"त्यांना तरी दुखलंय का?"

"ते मी कसं विचारू? विचारलं तर त्यांना वाटेल, मला दुखलं नाही." त्यांनी अर्ज दोन्ही हातांनी, जपून, तिच्याकडे सरकवला. "तू मनाला लावून घेऊ नकोस. पुतळा करू आपण त्याचा. चांगला मोठा करू. माझी वर्गणी पहिली."

रक्तकेंद्राचा समारंभ ठरल्या दिवशीच झाला, कारण पाहुण्यांची वेळ मिळाली होती. फाइल उघडी असल्याने नावाची पाटी उघडी करता येत नव्हती. नाव लिहिलेलं होतं, पण ते दिसणं नियमबाह्य होतं. यावर कार्यालयाने जो तोडगा काढला त्याला तोड नाही. पाटीवर दोन पडदे लावले. प्रमुख पाहुण्यांनी दोरी ओढून पहिल्या पडद्याचं अनावरण केलं, आणि आतला पडदा दिसताच सहाशे लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मुलगी पहिल्या रांगेत आत्याशेजारी बसली होती. आत्या पडद्याकडे पाहत म्हणाली, "हा आतला जरा बरा आहे. धुवायला सोपा."

पाहुण्यांचं भाषण उत्तम झालं. विज्ञानाची घोडदौड, सेवा, साधेपणा, पदक, सगळं आलं. मग ओघात ते म्हणाले, "डॉक्टर मिश्किलही होते. त्यांचं ते प्रसिद्ध वाक्य, ज्याचा मी इथे उच्चार करणार नाही..."

आणि सहाशेच्या सहाशे लोक एकदम हसले.

उच्चार झालेला नव्हता. तरी मागच्या रांगेपर्यंत हशा गेला आणि परत आला. मुलीने मान वळवून पाहिलं. प्राध्यापक हसत होते, औषधवाले रुमाल तोंडाला लावून हसत होते, विवेक मंडळाची उपसमिती एका ओळीत हसत होती. कुलूपवाले डोळे पुसत होते. वर पाहणारे हसताना खाली पाहत होते आणि खाली पाहणारे वर. समारंभाला आलेल्या कार्यालयाच्या प्रतिनिधीने वहीत नोंद केली: 'हशा, दीर्घ. कारण समजलं नाही.'

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तिसऱ्या खिडकीशी गेली आणि तिने विचारलं, सहाशे लोकांचं हसणं हा पुरावा धरता येईल का. साहेबांनी सहानुभूतीने ऐकून घेतलं. हसणं सामुदायिक असतं आणि न दुखावणं वैयक्तिक असतं, असं त्यांनी सांगितलं. बाईंनी सगळे उरलेले अर्ज तिच्या नजरेसमोर पुन्हा मोजले, आणि एखादा नागरिक आलाच तर अडचण नको म्हणून पेन सुतळीने खिडकीला बांधून ठेवलं.

फाइल आजही उघडी आहे. वही दुसऱ्या मजल्यावर कपाटात आहे, लाख शाबूत आहे. मुलगी दर सोमवारी छापखान्यात जाण्याआधी खिडकीवर डोकावते. बाई मान हलवतात, ती मान हलवते आणि कामाला जाते.

इथवर जे वाचत आले, त्यांच्यासाठी ही माहिती. ते वाक्य आपण वाचलेलं आहे. वर पूर्ण छापलं आहे. आपल्याला काही झालेलं दिसत नाही, नाहीतर आपण इथवर पोचला नसतात. बहुधा थोडं हसलाही असाल. डॉक्टरांशी आपलं नातं नाही, म्हणजे तीही अट पुरी होते. अर्ज एका पानाचा आहे, शुल्क नाही, पेन बांधलेलं आहे. खिडकी दहा ते चार उघडी असते.

रांग नसते.